आमदार फुटतात तेव्हा कायदा काय करत असतो? गोव्याचं दोन तृतीयांशाचं गणित

गोव्यात आमदारांनी पक्ष बदलला की दुसऱ्या दिवशी सकाळी पाव-भाजीच्या गाड्यावर, ऑफिसच्या कँटीनमध्ये आणि घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एकच प्रश्न फिरतो, अरे तो पक्षांतर बंदी कायदा होता ना, त्याचं काय झालं? मग कोणीतरी म्हणतो कायदा फक्त कागदावर, दुसरा म्हणतो सगळे विकले गेले, तिसरा १९९० सालापासूनचा इतिहास सुरू करतो आणि तोपर्यंत ऑफिसची वेळ होते. प्रश्न तसाच राहतो.

माझं म्हणणं थोडं वेगळं आहे. आपल्याकडे जी मोठमोठी पक्षांतरं झाली त्यात कायदा मोडला गेला असं म्हणून चालणार नाही, तो पाळला गेलाय आणि तोही अगदी एक एक डोकं मोजून. म्हणून त्या कायद्यात नक्की काय लिहिलंय ते एकदा नीट बघू. वकिली भाषा टाळतो, पण दोनतीन ठिकाणी थोडं थांबायला लागेल.

सुरुवात सगळ्यांना माहीत असलेल्या आयाराम गयारामपासूनच. १९६७ मध्ये हरियाणात गया लाल नावाच्या आमदारांनी थोड्याच दिवसांत तीनदा पक्ष बदलला आणि देशाला तो शब्दप्रयोग मिळाला. त्यानंतर राज्याराज्यांत सरकारं पडत राहिली, चर्चा होत राहिल्या आणि शेवटी १९८५ मध्ये राजीव गांधी पंतप्रधान असताना ५२वी घटनादुरुस्ती झाली, तिने राज्यघटनेला दहावी अनुसूची जोडली. आपण ज्याला पक्षांतर बंदी कायदा म्हणतो तो म्हणजे ही दहावी अनुसूची. चारपाच पानांचाच मजकूर आहे पण गेली चाळीस वर्षं कोर्टात त्याचाच कीस पडतोय.

त्यात मुळात सांगितलंय ते सोपं आहे. एखाद्या पक्षाच्या तिकिटावर निवडून आलात आणि नंतर स्वेच्छेने त्या पक्षाचं सदस्यत्व सोडलंत तर आमदारकी जाते. पक्षाने व्हिप, म्हणजे सभागृहात कसं मतदान करायचं याचा आदेश काढला आणि त्याच्या विरोधात मतदान केलंत किंवा मतदानालाच गेला नाहीत तरी जाते, फक्त पक्षाने पंधरा दिवसांच्या आत माफ केलं तर वाचते. अपक्ष म्हणून निवडून आलात आणि नंतर एखाद्या पक्षात शिरलात तरी जाते. आता अपक्षांबद्दल लोकांचा नेहमी घोळ होतो, कारण आपल्याकडे अपक्ष आमदार सरकारला पाठिंबा देतात, मंत्रीही होतात आणि त्यांना काहीच होत नाही. बाहेरून पाठिंबा देणं आणि पक्षात प्रवेश करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, पहिली चालते आणि दुसरी नाही. २०१७ मध्ये रोहन खंवटे आणि गोविंद गावडे अपक्ष म्हणून निवडून येऊन मंत्री झाले ते असेच. आणि हो, हा कायदा आमदार-खासदारांपुरताच आहे, गावच्या पंचायतीला लागू होत नाही, तिथे निवडणूकच पक्षाच्या चिन्हावर नसते. त्यामुळे सरपंचावर दर वर्षाला अविश्वास ठराव आला तर दहाव्या अनुसूचीला दोष देऊ नका.

आता 'स्वेच्छेने सदस्यत्व सोडणं' म्हणजे काय? बऱ्याच जणांना वाटतं की लेखी राजीनामा दिला तरच सोडलं. तसं नाही, आणि हे ज्या खटल्यात ठरलं तो खटला आपल्या गोव्याचाच आहे. देशात कुठेही पक्षांतराची केस उभी राहिली की वकील त्याचा दाखला देतात, रवी नाईक विरुद्ध भारत सरकार, सुप्रीम कोर्ट, १९९४.

त्याची पार्श्वभूमी जरा ऐका, कारण आजच्या पोरांना ते दिवस माहीतच नाहीत. मार्च १९९० मध्ये काँग्रेसचे सात आमदार फुटले आणि प्रतापसिंह राणे यांचं सरकार पडलं, मग मगोच्या, म्हणजे महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाच्या साथीने चर्चिल आलेमांव मुख्यमंत्री झाले ते १८ दिवसांसाठी, त्यांच्यानंतर लुईस प्रोतो बार्बोझा आले, डिसेंबरमध्ये त्यांचंही सरकार गेलं, राष्ट्रपती राजवट लागली आणि जानेवारी १९९१ मध्ये मगोतून फुटून बाहेर पडलेले रवी नाईक काँग्रेसच्या साथीने मुख्यमंत्री झाले. एका वर्षाच्या आत एवढं सगळं. या गडबडीत सभापतींनी मगोच्या दोन आमदारांना, बांदेकर आणि चोपडेकर यांना अपात्र ठरवलं आणि नंतर खुद्द रवी नाईक यांनाही. प्रकरण हायकोर्टातून सुप्रीम कोर्टात गेलं. त्या दोघांचं म्हणणं होतं की आम्ही पक्षाचा राजीनामा दिलेलाच नाही. कोर्टाने सांगितलं की राजीनामा हा एक मार्ग झाला, पण माणसाच्या वागण्यावरूनही पक्ष सोडला हे कळू शकतं. ते काँग्रेस नेत्यांबरोबर राज्यपालांकडे गेले होते, तेवढं पुरे झालं आणि त्यांची अपात्रता कायम राहिली. रवी नाईक यांची अपात्रता मात्र रद्द झाली, एप्रिल १९९४ मध्ये ते परत मुख्यमंत्री झाले आणि सहा दिवसांत गेले. सहा दिवस! तेव्हाच्या गोव्यात हेही कोणाला फार नवल वाटलं नसेल.

म्हणजे एकट्यादुकट्यासाठी कायदा बऱ्यापैकी कडक आहे. तुम्ही नुसते दुसऱ्या पक्षाच्या व्यासपीठावर बसलात, राज्यपालांकडे विरोधकांच्या बाजूने गेलात तरी अडकू शकता.

मग गर्दी कशी सुटते?

इथे खरी मेख आहे. १९८५ च्या मूळ कायद्यात दोन पळवाटा होत्या, किंवा कायदा करणाऱ्यांच्या भाषेत दोन अपवाद. पहिला फुटीचा, पक्षाच्या एक तृतीयांश आमदारांनी वेगळा गट केला तर कोणाचीच आमदारकी जाणार नाही. दुसरा विलीनीकरणाचा, त्यासाठी दोन तृतीयांश हवेत. तेव्हापासूनच टीका होतेय की किरकोळ विक्री बंद केली आणि घाऊक चालू ठेवली. चाळीस आमदारांच्या गोव्यात तर एक तृतीयांश म्हणजे काहीच नाही, सहा आमदारांच्या पक्षात दोघांनी हात वर केले की झालं. १९९८ मध्ये विली डिसोझा काँग्रेसमधून गोवा राजीव काँग्रेस घेऊन बाहेर पडले आणि मुख्यमंत्री झाले, १९९९ मध्ये फ्रान्सिस्क सार्दिन यांनी गोवा पीपल्स काँग्रेस काढली आणि भाजपच्या पाठिंब्यावर तेही मुख्यमंत्री झाले. हे सगळं कायदा असतानाच चाललं होतं बरं का.

२००३ मध्ये ९१वी घटनादुरुस्ती झाली आणि एक तृतीयांशाची फूट कायद्यातून काढून टाकली. त्याच दुरुस्तीत आणखी दोन गोष्टी आल्या ज्यांचा गोव्याशी थेट संबंध आहे. एक म्हणजे मंत्रिमंडळाचा आकार, सभागृहाच्या १५ टक्क्यांपेक्षा जास्त मंत्री नकोत, पण छोट्या राज्यांसाठी किमान १२ ची सूट. चाळीसचे १५ टक्के म्हणजे सहा, आपल्याला मिळतात बारा. म्हणजे चाळीस आमदारांतले बारा मंत्री होऊ शकतात, आणि सत्तेसाठी लागतात एकवीस. जो सरकारात आहे त्यातला निम्म्याहून जास्त माणूस मंत्री, राहिलेल्यांना महामंडळं. पाच वर्षं विरोधी बाकावर बसण्यापेक्षा पलीकडे जायचा मोह का होतो हे समजायला एवढे आकडे पुरेत. दुसरी गोष्ट म्हणजे पक्षांतरामुळे अपात्र ठरलेल्याला पुन्हा निवडून येईपर्यंत किंवा त्या सदस्यत्वाची मुदत संपेपर्यंत मंत्री होता येत नाही.

फूट गेली, विलीनीकरण राहिलं. दहाव्या अनुसूचीचा चौथा परिच्छेद. इथून पुढे गोव्याचं गणित सुरू होतं आणि मला स्वतःला हा भाग सगळ्यात जास्त इंटरेस्टिंग वाटतो.

मार्च २०१९. मनोहर पर्रीकर यांचं निधन होऊन प्रमोद सावंत मुख्यमंत्री झालेले, मगोचे तीन आमदार सरकारात. २७ मार्चच्या मध्यरात्रीनंतर मनोहर आजगावकर आणि दीपक पाऊसकर यांनी मगो विधिमंडळ गट भाजपमध्ये विलीन केल्याचं पत्र दिलं. तिघांतले दोघे, म्हणजे बरोब्बर दोन तृतीयांश. उपमुख्यमंत्री असलेले सुदिन ढवळीकर एकटे उरले आणि मंत्रिमंडळातूनही गेले.

जुलै २०१९. काँग्रेसचे तेव्हा १५ आमदार होते. हा आकडा कसा आला ते बघण्यासारखं आहे, २०१७ ला निवडून आले होते १७, त्यातले विश्वजित राणे, सुभाष शिरोडकर आणि दयानंद सोपटे यांनी राजीनामे दिले, राहिले १४, मग मे २०१९ च्या पणजी पोटनिवडणुकीत बाबूश मोन्सेरात काँग्रेसतर्फे जिंकले, झाले १५. पंधराचे दोन तृतीयांश दहा. १० जुलैला किती जण भाजपमध्ये गेले? दहा. विरोधी पक्षनेते बाबू कवळेकर त्यांचे पुढारी, दोनतीन दिवसांत ते उपमुख्यमंत्री झाले आणि गोवा फॉरवर्ड पक्षाच्या मंत्र्यांना घरी जावं लागलं.

सप्टेंबर २०२२. फेब्रुवारीच्या निवडणुकीत काँग्रेसला ११ जागा मिळाल्या होत्या. अकराचे दोन तृतीयांश म्हणजे सात पूर्णांक काहीतरी, माणूस काही अपूर्णांकात फुटत नाही, तेव्हा आठ हवेत. चवथ होऊन दोन आठवडे झाले होते, १४ सप्टेंबरला आठ जण गेले. दिगंबर कामत, मायकल लोबो, दिलायला लोबो, केदार नाईक, राजेश फळदेसाई, आलेक्स सिक्वेरा, संकल्प आमोणकर, रुडॉल्फ फर्नांडिस. उरले तीन, युरी आलेमांव, एल्टन डिकॉस्ता आणि कार्लुस फेरेरा.

तीनदा पक्षांतर आणि तिन्ही वेळा कमीत कमी लागतात तेवढीच डोकी, एकही जास्त नाही. मगोत दोन लागत होते तर दोन, पंधरात दहा लागत होते तर दहा, अकरात आठ लागत होते तर आठ. याला योगायोग म्हणायला मी तयार नाही. जितके जास्त येणार तितकी खुर्च्यांची वाटणी वाढणार, त्यामुळे कायद्याने आखलेल्या रेषेला अंगठा टेकेपर्यंत जमवाजमव करायची आणि टेकला की थांबायचं. शिवाय एकदा सहासात जण तयार झाले की आठव्याचा भाव काय असेल याचा विचार करा. जो कायदा पक्षांतर थांबवायला केला त्यानेच पक्षांतराचं टार्गेट ठरवून दिलं.

याच्या उलट बाजूही त्याच वर्षी दिसली. जुलै २०२२ मध्ये काँग्रेसने लोबो यांना विरोधी पक्षनेतेपदावरून काढलं आणि लोबो-कामत यांच्याविरुद्ध सभापतींकडे अपात्रतेची याचिका केली, आरोप असा की हे दोघे आमदार फोडतायत. तेव्हा आठ जमले नव्हते म्हणा किंवा आणखी काही म्हणा, जुलैत काही झालं नाही. दोन महिन्यांनी आकडा पुरा झाला आणि सगळे कायद्याच्या छत्रीखाली. एक गंमत मला सांगितल्याशिवाय राहवत नाही, २०१९ मध्ये मगोच्या त्या दोघांचं मध्यरात्रीचं पत्र ज्यांच्याकडे गेलं ते तेव्हाचे हंगामी सभापती मायकल लोबोच होते. आणि २०१९ ला दहा जण गेले तेव्हा काँग्रेसमध्ये मागे राहिलेल्या पाच जणांत दिगंबर कामत होते. गोव्यात एकच माणूस थोडी वाट बघितली तर सगळ्या भूमिकांत बघायला मिळतो.

आणि त्या शपथा? जानेवारी २०२२ मध्ये काँग्रेसने आपल्या उमेदवारांना पणजीच्या महालक्ष्मी मंदिरात, बांबोळीच्या खुरसाकडे (क्रॉसकडे) आणि बेतीच्या दर्ग्यात नेऊन पक्ष सोडणार नाही अशी शपथ घ्यायला लावली होती. लोक अजून ती आठवण काढतात. कायद्याच्या नजरेतून तिची किंमत शून्य आहे, कोणतंही कोर्ट ती शपथ मोडली म्हणून आमदारकी काढू शकत नाही. देवाच्या दरबारातलं प्रकरण देवाकडे. कामत यांनी नंतर पत्रकारांना सांगितलं की आपण देवाला विचारलं होतं, म्हणजे तो मुद्दाही निकाली निघाला म्हणायचा.

आता थोडं कोर्टाकडे वळू, कारण इथे एक खरा वाद आहे आणि दोन्ही बाजूंना दम आहे.

चौथ्या परिच्छेदात दोन वाक्यं आहेत, सोपं करून सांगतो. पहिलं म्हणतं, एखाद्याचा मूळ पक्ष दुसऱ्या पक्षात विलीन झाला आणि तो त्या दुसऱ्या पक्षात गेला तर तो अपात्र नाही. दुसरं म्हणतं, विधिमंडळ गटाच्या किमान दोन तृतीयांश सदस्यांनी संमती दिली असेल तरच विलीनीकरण झालं असं मानायचं. काँग्रेस आणि मगोचं म्हणणं होतं की दोन्ही हवं. आधी बाहेरचा पक्ष, म्हणजे कार्यकर्ते, समित्या, दिल्लीतलं नेतृत्व या सगळ्यांसकटचा पक्ष विलीन व्हायला हवा आणि वर आमदारांची संमती. काँग्रेस पक्ष भाजपमध्ये कधी विलीन झाला? तो तर निवडणुका लढवतोय, मग दहा आमदारांनी आपसात ठराव करून पक्ष विलीन झाला असं म्हणणं हा विनोद झाला. समोरच्यांचं म्हणणं, कायद्यात 'मानायचं' असं लिहिलंय, म्हणजेच दोन तृतीयांश आमदार तयार झाले की तेवढ्यापुरतं मूळ पक्षाचं विलीनीकरण झालं असं गृहीत धरायचं, प्रत्यक्ष पक्ष विलीन झाला का ते बघायची गरज नाही.

सभापती राजेश पाटणेकर यांनी एप्रिल २०२१ मध्ये दुसरी बाजू उचलून धरली आणि अपात्रतेच्या याचिका फेटाळल्या. मुंबई हायकोर्टाच्या गोवा खंडपीठाने २४ फेब्रुवारी २०२२ ला तेच कायम केलं, म्हणजे विधानसभेचं मतदान होऊन दहा दिवस झाल्यावर. सप्टेंबर २०२२ च्या आठ जणांना हा निकाल तयार हातात होता, त्यांनी काय करायचं याची पायवाट आधीच घालून दिलेली. त्यांच्याविरुद्धची याचिकाही नंतर सभापती रमेश तवडकर यांनी फेटाळली.

मला स्वतःला पहिली बाजू जास्त पटते, पक्ष म्हणजे फक्त आमदार नव्हेत, बूथवर उन्हात बसणारा कार्यकर्ताही पक्षच असतो. पण हायकोर्टाने शब्दांचा जो अर्थ लावला तो ओढूनताणून लावलाय असंही म्हणता येत नाही, वाक्यरचनाच तशी आहे. दोष वाचणाऱ्यापेक्षा लिहिणाऱ्याकडे जास्त जातो.

शेजारी महाराष्ट्रात २०२२ आणि २०२३ मध्ये जे झालं ते याच पेटीत टाकू नका, इकडे बरेच जण टाकतात. तिथे शिंदे गटाने किंवा अजित पवार गटाने आम्ही दुसऱ्या पक्षात विलीन झालो असं म्हटलंच नाही, त्यांचा दावा होता की खरा पक्ष आम्हीच. त्यामुळे तिथे भांडण चिन्ह कोणाचं, व्हिप कोणाचा यावर गेलं. मे २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की व्हिप काढणारा प्रतोद नेमायचा अधिकार राजकीय पक्षाचा आहे, विधिमंडळ गटाचा नाही. आता गंमत बघा, तिथे पक्ष आणि आमदारांचा गट वेगळे धरले आणि आपल्याकडच्या विलीनीकरणात आमदारांचा गट हाच जवळजवळ पक्ष झाला. दोन्ही परिच्छेद वेगळे आहेत हे मान्य, तरी सामान्य माणसाचं डोकं चक्रावणारच.

आता सभापती. पक्षांतराचा फैसला सभापती करतात, कोर्ट नाही. आणि सभापती कोण असतात? सत्ताधारी पक्षाचे आमदार, जे उद्या मंत्रीही होऊ शकतात. तवडकर ऑगस्ट २०२५ मध्ये सभापतीपद सोडून मंत्री झालेच. सभापतींची नियत वाईट असं मी म्हणत नाही, पण ज्या पक्षाचं सरकार वाचतंय की पडतंय हे तुमच्या निकालावर ठरणार त्याच पक्षाच्या तिकिटावर तुम्ही पुढची निवडणूक लढवणार, तर कोणाच्याही डोक्यावर ओझं येणारच. १९९२ मध्ये किहोटो होलोहान खटल्यात सुप्रीम कोर्टाने हा अधिकार सभापतींकडे ठेवला, फक्त निकालानंतर कोर्टात दाद मागता येईल असं सांगितलं. आता सगळा खेळ निकालानंतर या शब्दाचा. निकालच दिला नाही तर? कायद्यात मुदतच नाही. २०१९ च्या जुलैत झालेल्या पक्षांतराचा फैसला २०२१ च्या एप्रिलमध्ये, म्हणजे पावणेदोन वर्षं. तोपर्यंत मंत्रिपदं भोगून होतात, टेंडरं निघून जातात, विधानसभेची मुदत संपत येते.

जानेवारी २०२० मध्ये मणिपूरच्या एका प्रकरणात सुप्रीम कोर्ट म्हणालं की साधारणपणे तीन महिन्यांत निकाल लागायला हवा आणि हे काम स्वतंत्र कायमस्वरूपी लवादाकडे द्यायचा संसदेने विचार करावा. जुलै २०२५ मध्ये तेलंगणाच्या आमदारांबाबत कोर्टाने पुन्हा तीन महिन्यांची मुदत घातली आणि सभापतींकडे हा अधिकार ठेवणं कितपत योग्य आहे ते संसदेने बघावं असं परत सांगितलं. खरं तर दिनेश गोस्वामी समितीने १९९० मध्येच सुचवलं होतं की हा निर्णय निवडणूक आयोगाच्या सल्ल्याने राष्ट्रपती किंवा राज्यपालांनी घ्यावा. विधी आयोगाने १९९९ च्या १७०व्या अहवालात फूट आणि विलीनीकरण दोन्ही अपवाद काढून टाका म्हटलं होतं. संसदेने अर्धं ऐकलं, फूट काढली. विलीनीकरण ठेवलं. का ठेवलं याचं उत्तर पक्षांना विचारा, कारण आज जो विरोधात बसून ओरडतो त्याला उद्या त्याच दारातून आमदार आत घ्यायचे असतात. गोव्यात काँग्रेसनेही घेतलेत आणि भाजपनेही.

एक मार्ग मात्र थोडा सरळ आहे, राजीनामा द्या आणि पोटनिवडणूक लढा. विश्वजित राणे यांनी २०१७ मध्ये तेच केलं, मार्चमध्ये राजीनामा दिला आणि ऑगस्टमध्ये वाळपईतून भाजपतर्फे निवडून आले. शिरोडकर आणि सोपटे यांनी २०१८ मध्ये राजीनामे दिले, २०१९ मध्ये शिरोडा आणि मांद्रेतून परत लोकांसमोर गेले. त्याआधी २००५ मध्ये दिगंबर कामत भाजप सोडून काँग्रेसतर्फे मडगावातून पोटनिवडणूक जिंकलेच होते, दोन वर्षांनी मुख्यमंत्रीही झाले. लोक म्हणतात हा पण पैशांचा खेळ, पोटनिवडणुकीचा खर्च आपल्याच खिशातून जातो, शिवाय सत्तेत असलेला उमेदवार सहसा जिंकतोच. सगळं मान्य. तरी साधारण एकोणतीस हजार मतदारांच्या मतदारसंघात परत दारोदार फिरावं लागतं, लोक तोंडावर विचारतात, काणकोण ते पेडणे कुठेही जा आपल्याकडे आमदाराला घरात बोलावून विचारणारे लोक आहेत. दहा जणांनी एका पत्रावर सह्या करण्यापेक्षा हे केव्हाही बरं. कर्नाटकात २०१९ मध्ये सभापतींनी १७ आमदारांना अपात्र ठरवलं, सुप्रीम कोर्टाने अपात्रता कायम ठेवली पण पोटनिवडणूक लढायला परवानगी दिली आणि त्यातले बरेच जण जिंकून परत आले. म्हणजे अपात्रता ही काही आयुष्यभराची शिक्षा नाही, ही गोष्टही गाड्यावरच्या चर्चेत नेहमी हरवते.

मग शेवटी मतदारच शिक्षा करतात असं म्हणायचं का? २०२२ बघा. २०१९ मध्ये भाजपमध्ये गेलेले मगोचे दोन आणि काँग्रेसचे दहा असे बारा, त्यातले परत निवडून आले तीन, पणजीतून बाबूश मोन्सेरात, ताळगावातून जेनिफर मोन्सेरात आणि थिवीतून नीळकंठ हळर्णकर. उपमुख्यमंत्री असलेले कवळेकर केप्यात हरले, तिथे एल्टन डिकॉस्ता आले. सांत आंद्रेत आरजीचे (रिव्होल्युशनरी गोवन्स पक्षाचे) विरेश बोरकर आले. आकडा ऐकायला छान वाटतो, बारातले नऊ घरी. पण ही शिक्षा अडीच वर्षांहून जास्त काळाने झाली, आणि त्याच मतदारांनी काँग्रेसला जे अकरा दिले त्यातले आठ सहा महिन्यांनी निघाले. सगळ्यांनीच जुन्यांना घरी पाठवलं म्हणून नव्यांनी धसका घेतला असं काही दिसलं नाही.

२०२७ मध्ये या विधानसभेची मुदत संपतेय. निकालानंतर पुन्हा तेच होणार की नाही ते मी काय सांगणार, पण बातमी आलीच तर पहिलं विचारा की त्या पक्षाचे सभागृहात एकूण आमदार किती, त्याला दोनाने गुणा आणि तीनाने भागा, मग कळेल गेलेल्यांना कायद्याची छत्री आहे की नाही. छत्री नसेल तर पुढचा प्रश्न याचिका कोणी घातली. इथे एक गोष्ट बहुतेकांना माहीत नसते, याचिका फक्त दुसऱ्या आमदारानेच घालायला हवी असं नाही, २०१३ मध्ये ओडिशाच्या एका प्रकरणात सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केलंय की बाहेरची व्यक्तीही सभापतींकडे जाऊ शकते. तुम्ही, मी, केप्याचा कोणी मतदार, कोणीही. कागदपत्रं लागतात, कोण कधी कुठे गेला याचे पुरावे लागतात, वर्तमानपत्रातली कात्रणं आणि पत्रकार परिषदेचे व्हिडिओ जपून ठेवावे लागतात आणि मग तारखांमागून तारखा बघायची तयारी. तीन महिने उलटले की हायकोर्टात जाऊन सभापतींना निकाल द्यायला सांगा अशी मागणी करता येते, आणि ती करताना मणिपूर आणि तेलंगणाचे ते दोन निकाल जोडायला वकिलाला सांगा.